उत्तरांचं पान

१

पुस्तक शाळांमध्ये पोचून जेमतेम आठवडा झाला असेल, तोच एका मुख्याध्यापिकेचा फोन आला आणि तो कानाला धरल्या धरल्याच मालकांचा चेहरा पडला. मुख्याध्यापिका रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी मऊ आवाजात विचारत होत्या, की तुमच्या पुस्तकाप्रमाणे आमच्या मुलांनी यापुढे 'मॅरिड विथ' लिहायचं का, आणि लिहिलं तर परीक्षेत गुण कोण देणार.

मालकांनी कपाटातून एक प्रत ओढली आणि शेवटचं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत 'उत्तरे' असं छापलेलं आणि खाली एकजात चुकीची वाक्यं. 'अशेम्ड फ्रॉम', 'अफ्रेड फ्रॉम', 'फुल विथ', 'रिस्पॉन्सिबल ऑफ'. इंग्रजीत कोणत्या विशेषणापुढे कोणता चिमुकला शब्द येतो, एवढंच शिकवायला हे अख्खं पुस्तक काढलेलं. आणि ज्या पानावर मुलांनी आपलं बरोबर की चूक ते ताडून बघायचं, नेमक्या त्याच पानाने शेण खाल्लेलं.

पुस्तकावर नाव आणि फोटो होता मालकांच्या आईचा. घरात ती आई असली तरी कार्यालयात सगळ्यांच्या बाई, आणि खुद्द मालकही कार्यालयात तिला बाईच म्हणत. जन्मभर इंग्रजी शिकवलेली ही बाई. औषधाच्या दुकानाची पाटी चुकली म्हणून आत जाऊन दुकानदाराला खडू मागणारी. बाईंसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की त्यांचे जुने विद्यार्थी, म्हणजे आता टक्कल पडलेले गृहस्थ, मराठीतच बोलत आणि लवकर घरी जात.

बाईंनी पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पुस्तक मिटून टेबलावर उपडं ठेवलं, स्वतःचा फोटो दिसू नये अशा बेताने.

"एखादं वाक्य चुकलं असतं तर मी चूक म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "सगळीच्या सगळी चुकतात तेव्हा ती चूक नसते. हे कुणीतरी केलंय."

मालकांनी बायकोकडे पाहिलं. तिला कार्यालयात सगळे वहिनी म्हणत. हरवलेली वस्तू शोधण्यात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. कात्री कुणी नेली, चहाचा कप कुणी फोडला, बिलावर शाई कुणी सांडली, हे ती माणसाच्या नुसत्या चालण्यावरून सांगे, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा गर्वही होता.

"तूच बघ," मालक म्हणाले. "बाहेरच्याला सांगायची सोय नाही. आधीच शोभा झालीय."

वहिनीने मान डोलावली. सासूच्या नावाला बट्टा लागला याचं तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण पोटात कुठेतरी हुरूपही आला होता. पुढे कितीतरी दिवस तिला लाज वाटत राहिली ती आधी या हुरुपाचीच.

२

प्रकाशनाचा पसारा फार नव्हता. पुढच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे आणि मालकांचं टेबल. मधल्या खोलीत संगणक, तिथे जुळारी बसे. त्याचा बाप छपाईसाठी शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे जुळवायचा म्हणून याचंही नाव जुळारीच पडलं होतं, खिळे जाऊन जमाना झाला तरी. त्यापलीकडे खिडकीची एक छोटी खोली, तिथे बाई आणि वहिनी मुद्रितं तपासत. आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छपाईचं यंत्र आणि त्याच्यावर सतत खेकसणारा मशीनवाला.

मुद्रितं तपासायची या घरची रीत जगाच्या उलटी होती. एरवी एकजण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचतो आणि दोघांतला जो जाणता, तो छापून आलेल्या कच्च्या पानावर नजर ठेवतो. इथे वहिनीचे इंग्रजी उच्चार बाईंना सोसत नसत. नवी नवी असताना तिने एकदा वाचायला घेतलं, तर पहिल्याच ओळीला बाईंनी कानांवर हात ठेवले. तेव्हापासून कच्चं पान बाई स्वतः मोठ्याने वाचत आणि वहिनी समोर बसून हस्तलिखितावर बोट फिरवी. जुळलं नाही की वहिनीने 'थांबा' म्हणायचं. बाई वाचू लागल्या की ऐकत राहावंसं वाटे. वाचून झालेलं पान मालक स्वतः शेडमध्ये नेऊन देत, मध्ये तिसरा हात लागत नसे.

वहिनीने पहिल्यांदा गाठलं ते नव्या मुलीला. ही नुकतीच संपादनाला लागली होती आणि 'डिफरंट दॅन' चालतं की नाही यावरून तिचं बाईंशी चांगलंच वाजलं होतं. पण मुलगी चहा ढवळत शांतपणे म्हणाली, की मला बाईंना खोटं पाडायचं असतं तर मी समोर बसून पाडलं असतं, आणि तसंही त्या पुस्तकाची फाईल मला उघडताच येत नाही. ते खरं होतं. उठता उठता मात्र तिने एक पुडी सोडली. प्रस्तावनेचं पान लावताना ओळी वरखाली झाल्या म्हणून बाईंनी जुळाऱ्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. तुझं काम अक्षरं लावायचं, डोकं लावायचं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि बाई आत गेल्यावर जुळारी पुटपुटला होता, की कळेल बाईंना एक दिवस.

मशीनवाल्याकडे काही हाती लागलं नाही. येईल ते छापतो, मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं. वर मालकांच्याच तक्रारी केल्या. प्रस्तावना कधी वेळेवर देत नाहीत, शेवटपर्यंत खाडाखोड चालते, म्हणून आपल्याला दर पुस्तक शेपटाकडून छापायला घ्यावं लागतं, कागद वाया जातो, शाई वाया जाते. वहिनी 'हो का, हो का' करत तिथून सटकली.

राहिला जुळारी. वहिनी त्याला भाऊ म्हणायची. हे नुसतं बोलायचं म्हणून नव्हतं. तिच्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलेला माणूस होता तो. तिने पान त्याच्यासमोर धरलं.

"भाऊ, हे तुम्ही लावलंत?"

"हो."

"शेवटचा हात तुमचाच?"

"माझाच." एवढं बोलून तो पायांकडे बघत राहिला. डोळा म्हणून वर केला नाही.

वहिनीने मनात म्हटलं, सापडला.

३

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. बाई खुर्चीत, मालक टेबलाला टेकून, नवी मुलगी आणि मशीनवाला दाराशी. जुळारी गठ्ठ्यांजवळ उभा होता, त्याला बसायला कुणी सांगितलं नाही.

वहिनी छान बोलली. आपण छान बोलतोय हे तिला बोलता बोलताच कळत होतं. तिने पुस्तकातली दोन पानं शेजारी शेजारी धरली. एक मधलं, 'चुका शोधा' या स्वाध्यायाचं, ज्यात वाक्यं मुद्दाम चुकीची दिली होती. दुसरं शेवटचं, उत्तरांचं. दोन्हीकडे तीच चुकीची वाक्यं.

आता कुणी म्हणेल, ती म्हणाली, की घाईत एक पान दुसऱ्याच्या जागी पडलं. तसं असतं तर शेवटच्या पानावरही 'चुका शोधा' हेच शीर्षक आलं असतं. पण तिथे 'उत्तरे' आहे. पानाचा क्रमांक बदललेला आहे. वरची सूचना काढलेली आहे. म्हणजे कुणीतरी या पानावर बसून, नीट डोकं लावून काम केलंय. सगळं बदललं आणि चुकीची वाक्यं तेवढी ठेवली. हात चुकून असं होत नाही. मनात असेल तरच होतं.

मग तिने फाईल कुणाकुणाला उघडता येते ते सांगितलं. मग प्रस्तावनेवरून झालेली बोलाचाली. मग ते पुटपुटणं. एकेक गोष्ट ती पुढे ठेवत गेली आणि खोलीतले डोळे हळूहळू गठ्ठ्यांकडे वळत गेले.

"भाऊ, बाईंचा राग होता तर मला सांगायचं होतंत," शेवटी ती म्हणाली. तिच्या आवाजात दुःख होतं आणि ते तिने जरा जास्तच आणलं होतं. "त्यांची अब्रू घालवायला नको होती."

जुळाऱ्याने बाईंकडे पाहिलं. मालकांनी विचारलं, तुला काही म्हणायचंय का. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग मालक म्हणाले, की उद्यापासून येऊ नकोस.

"बरं," जुळारी म्हणाला. मधल्या खोलीत गेला, चष्म्याचं घर आणि डबा पिशवीत टाकला, संगणक नीट बंद केला आणि गेला. जाताना दारातल्या पायपुसण्याची दुमडलेली कड त्याने सवयीने पायाने सरळ केली.

बाई उठून वहिनीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "शाबास." इतक्या वर्षांत त्या तिला पहिल्यांदाच असं म्हणाल्या होत्या. त्या रात्री वहिनीला गाढ झोप लागली.

४

चुकीचं पान काढून नवं पान चिकटवायचं ठरलं. शाळांकडून गठ्ठे परत येऊ लागले. जुळाऱ्याच्या जागी कुणी मिळालं नव्हतं, म्हणून पान बाहेरून लावून आणलं आणि ते द्यायला वहिनी शेडमध्ये गेली.

मशीनवाल्याचा मूड चांगला नव्हता. एका पानासाठी अख्खा शेवटचा फर्मा पुन्हा चढवायचा का, असं त्याने विचारलं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं, एवढं वहिनीला माहीत होतं. नको, एकच पान पुरे, ती म्हणाली. मग तो बडबडत राहिला. आधीच त्या फर्म्याने डोकं उठवलं होतं, सगळ्यात आधी छापून ठेवला, तर शेवटपर्यंत इथे कोपऱ्यात पडून, वरून पाणी ठिबकलं, कागद झाकून ठेवावा लागला, आणि मालकांची प्रस्तावना काही येईना.

वहिनी दारापर्यंत गेली होती. ती थांबली.

"सगळ्यात आधी छापला म्हणजे? प्रस्तावनेच्या आधी?"

मशीनवाल्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की वाटावं, हिला आता मुळाक्षरांपासून शिकवायचं आहे. तुम्हाला परवाच नाही का सांगितलं, तो म्हणाला, आपण शेपटाकडून छापतो. शेवटचा फर्मा पहिला. प्रस्तावनेचा सगळ्यात शेवटी. प्रस्तावना लागायची होती तेव्हा मागचे सगळे फर्मे छापून घड्या घालून तयार होते.

वहिनी शेडबाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाई जुळाऱ्याला बोलल्या ते कशावरून? प्रस्तावनेच्या ओळींवरून. म्हणजे त्याचा अपमान झाला तेव्हा उत्तरांचं ते पान छापून कोपऱ्यात पडलेलं होतं. ज्या रागापायी त्याने ते केलं असं तिने सगळ्यांना पटवलं होतं, तो राग तोवर आलेलाच नव्हता. आणि ही गोष्ट तिला मशीनवाल्याने आधीच सांगितली होती. तिने हो का, हो का केलं होतं.

तिचं डोकं थांबत नव्हतं, ते त्याच्या खोडीप्रमाणे पुढे पळत राहिलं. पान छापायला गेलं ते तपासल्यानंतर लगेच. मालकांनी स्वतः नेलं. मध्ये कुणाचा हात लागला नाही. मग चुका नंतर घातलेल्या नव्हत्या. पान तपासलं तेव्हाच त्या त्यावर होत्या, ठसठशीत, एकही न वगळता.

आणि ते पान तपासलं होतं कुणी? खिडकीच्या खोलीत बसून, तिने आणि तिच्या सासूने.

५

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो मोजे काढत होता, तो एक मोजा हातात धरून बसून राहिला.

"पण मग आईला दिसलं कसं नाही?" तो म्हणाला. "आईला? ती तर झोपेतसुद्धा..."

"म्हणूनच," वहिनी म्हणाली. दुपारभर तिने तेच घोळवलं होतं, ते ती आता सांगत गेली. त्या दिवशी इतर पानं तपासताना आई मध्ये मध्ये थांबल्या होत्या. इथे शब्द अस्पष्ट आहे, इथे जागा सुटली आहे. उत्तरांच्या पानाला एकदाही थांबल्या नाहीत. त्यांनीच लिहिलेली वाक्यं, वर्षानुवर्षं वर्गात घोकून घेतलेली. 'अशेम्ड' दिसलं की पुढचं 'ऑफ' बघायला त्यांच्या डोळ्यांना जावंच लागत नाही, जीभ आधीच तिथे पोचलेली असते. पानावर काहीही असो, तोंडातून निघणार ते बरोबरच. आणि समोर मी बसलेली, माझं बोट हस्तलिखितावर. हस्तलिखित बरोबर, कानावर पडतंय तेही बरोबर. मी कशाला थांबा म्हणेन? इंग्रजी जरा कमी येणारं कुणी वाचायला असतं तर पहिल्याच ओळीला सापडलं असतं.

नवऱ्याने दुसरा मोजा काढला. मग म्हणाला, की आता हे उकरून काय मिळणार. भाऊला दुसरीकडे काम मिळेल, हुशार आहे. आईला या वयात हे ऐकवायचं? वहिनीला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं, की गप्प बसलं तर चालेल. आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला इतकी शरम वाटली, की ती चपला घालून तशीच निघाली.

जुळाऱ्याच्या घरी दार त्याच्या बायकोने उघडलं. या म्हणाली नाही, नका येऊ असंही नाही. जुळारी मोरीपाशी नळाचा वायसर बदलत होता. त्याने हात पुसले. वहिनीने उभ्याउभ्याच सांगितलं, की तुमचा राग नंतरचा आणि पान आधीचं, हे मला आता कळलं.

"पान माझ्याच हातून गेलं पण," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. उत्तरांचं पान स्वाध्यायासारखंच दिसायला हवं होतं, म्हणून त्याने स्वाध्यायाच्या पानाची नक्कल केली. शीर्षक बदललं, सूचना काढली, क्रमांक घातला. आता वाक्यांतला एकेक शब्द हस्तलिखित बघून बदलायचा, एवढ्यात घरून फोन आला, आई न्हाणीत पडली होती. तो तसाच पळाला. परत कामावर आला तेव्हा पान उघडून बघितलं, वर 'उत्तरे' दिसलं, वाटलं झालंय. त्याला इंग्रजी वाचून कळत नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती. आणि बाईंना कळेल एक दिवस असं तो म्हणाला होता तेही खरं. त्याला म्हणायचं होतं, की मी डोकं लावूनच काम करतो हे कळेल.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चूक होतीच." तो थांबला. आतल्या खोलीकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. "नजरचूक म्हणाला असतात वहिनी, तर खाली मान घालून ऐकलं असतं. पगार कापला असतात तरी चाललं असतं. तुम्ही मुद्दाम म्हणालात. मला तुम्ही भाऊ म्हणता, आणि सगळ्यांसमोर उभं करून म्हणालात, की हा मनात धरून वागतो. माझ्या पोरीने विचारलं, बाबा तू काय केलंस. मला सांगता येईना."

वहिनीला बसावंसं वाटत होतं, पण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, माझं चुकलं. तो म्हणाला, इथे नको.

"सगळ्यांसमोर बोललात ना? मग हेही तिथेच बोला."

परत आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आई लसूण सोलत होत्या. वहिनीने सगळं सांगितलं, काही न गाळता. आईंनी सोलणं थांबवलं नाही. शेवटची पाकळी सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर 'अशेम्ड फ्रॉम' होतं आणि मला दिसलं नाही, असं तुझं म्हणणं."

"दिसलं असेल आई. तुम्ही वाचलं नाही."

"उद्या बोलाव सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "त्यालाही बोलाव. तेच पान घेऊन ये. त्या दिवशी वाचलं तसंच वाचून दाखवते. चुकीचं वाक्य माझ्या तोंडाला अडकल्याशिवाय राहील का, ते बघूच."

६

पुन्हा तीच खोली, तीच माणसं. या वेळी जुळाऱ्याला नव्या मुलीने खुर्ची दिली. तो टोकावर बसला. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या. वहिनीने प्रत्येकाच्या हातात परत आलेल्या गठ्ठ्यातली एकेक प्रत दिली. जुळाऱ्यासमोर ती धरताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

आत येण्याआधी तिने बाईंना विनवलं होतं, की नका करू हे, मीच सांगते, वाचत मी होते असं सांगते. बाई म्हणाल्या होत्या, की तू वाचत असतीस तर मी शेजारच्या घरात जाऊन बसले असते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

बाईंनी पान डोळ्यांसमोर धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

आवाज तोच. ठाम, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, 'मॅरिड टू'. पानावर 'विथ' होतं. नव्या मुलीने चमकून वर पाहिलं. दुसऱ्या वाक्यात त्यांनी 'अफ्रेड ऑफ' वाचलं, पानावर 'फ्रॉम'. मालकांनी पुस्तक मिटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. बाई पुढे जात होत्या, न अडखळता, प्रत्येक शब्दाला त्याचा योग्य जोडीदार देत. मशीनवाल्याला इंग्रजी येत नव्हतं, पण बाकीच्यांचे चेहरे वाचता येत होते. तो मान खाली घालून उभा राहिला. बोलायचं ते बोलण्याचं काम एकाच माणसाचं होतं, आणि ते तिचं होतं हे वहिनीला कळत होतं. तिला वाटलं, जमीन फाटली तर बरं होईल.

"थांबा," ती म्हणाली.

बाई थांबल्या. "का? अडले कुठे मी?"

"नाही अडलात. तेच तर." वहिनी त्यांच्याजवळ गेली आणि पानावर, 'अशेम्ड'च्या पुढे, बोट ठेवलं. "इथलं बघा. म्हणू नका, नुसतं बघा."

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. मग ज्या बाईंनी पिढ्यान्‌पिढ्यांना वाचायला शिकवलं, त्या बालवाडीतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं करून वाचू लागल्या. एफ. आर. ओ. एम. त्या परत वर गेल्या आणि प्रत्येक वाक्याशी तसंच अक्षर अक्षर लावत खाली आल्या. खोलीत फार वेळ तेवढाच आवाज होता. मग त्या खुर्ची चाचपून बसल्या.

"मी वाचलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी पाठ म्हणून दाखवलं. त्या दिवशीही आणि आजही." त्यांनी जुळाऱ्याकडे पाहिलं, आणि पाहणं त्यांना जड जात होतं हे सगळ्यांना दिसलं. "तुझ्या हातून राहिलं ते धरायलाच मी तिथे बसले होते. ते माझं एकटीचं काम होतं. आणि वर मी तुझ्या जाण्याचं समाधान मानलं. मला लाज वाटते रे."

जुळारी उठून उभा राहिला होता. बाई बसलेल्या आणि आपण उभे, हे त्याला कसंसंच होत असावं. असू दे बाई, तो म्हणाला, माझं अर्धवट राहिलं म्हणून पुढचं झालं. मालक घाईघाईने म्हणाले, की झालं गेलं विसरून जा, उद्यापासून ये, तुझी जागा तशीच आहे.

तो मालकांकडे बघत नव्हता. तो वहिनीकडे बघत होता.

तिने कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं काय बोलायचं ते. त्या दिवशी याच खोलीत तिला शब्द शोधावे लागले नव्हते, एकातून एक आपोआप निघत होते, आणि प्रत्येक शब्दाबरोबर ती स्वतःवर खूश होत होती. आता एकेक शब्द शोधावा लागत होता.

"मी म्हणाले यांनी मुद्दाम केलं," ती म्हणाली. "नव्हतं मुद्दाम. मला कोडं सुटल्यासारखं वाटलं आणि मला ते फार आवडलं. मशीनवाल्यांनी खरं ते आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. भाऊंना मी एकदाही विचारलं नाही, की काय झालं. त्यांनी कुणाचं वाईट मनात धरलं नाही. ते मी..." ती रडली असती तर सगळ्यांनी तिची समजूत घातली असती, म्हणून तिने रडू दिलं नाही.

जुळाऱ्याने खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

"येतो उद्यापासून," तो म्हणाला. "पण वहिनी, थोडे दिवस माझ्याशी बोलू नका. कामाचंसुद्धा. काय असेल ते टेबलावर ठेवून जा, मी करीन."

दुसऱ्या दिवशी तो आला. संगणक सुरू झाल्याचा आवाज वहिनीने खिडकीच्या खोलीतून ऐकला. बाई आता समोर हस्तलिखित घेऊन बसल्या होत्या आणि त्यांनी कच्चं पान वहिनीकडे सरकवलं. वहिनी आपल्या उच्चारांत वाचू लागली आणि बाई कानांवर हात न ठेवता ऐकत राहिल्या. पान संपल्यावर दुरुस्त्यांच्या खुणा केलेलं ते पान घेऊन वहिनी मधल्या खोलीत गेली, त्याच्या टेबलावर ठेवलं आणि थोडी थांबली. त्याने पान ओढून घेतलं, चष्मा लावला आणि कामाला लागला. त्याच्या आईचं कसं आहे, हे तिला विचारायचं होतं. ती तशीच परत फिरली. हे किती दिवस चालणार ते तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं म्हटलं तरी त्याच्याशी बोलावं लागलं असतं.